दौलताबादच्या मेंढ्याविषयी खुलासा

॥ श्री खंडोबा प्रसन्न ॥

हर्सूल, औरंगाबाद
आषाढ वद्य तृतीया, १९८७

तीर्थस्वरूप हनुमानदादा यांच्या पायाशी तुमच्या धाकट्या बहिणीचा नवरा रामेश्वर याचा दंडवत पोचावा.

पत्र लिहिण्यास कारण पुढं येईलच, आधी खुशाली. आम्ही इकडं नळाला दोन दिवसांआड येणाऱ्या पाण्यावर ठीक आहोत. तुमचा गुडघा आता कसा आहे? त्याला रॉकेल चोळू नका (मागच्या वेळी चोळलं आणि वर चिलीम ओढत बसलात, ते मामींनी कळवलं होतं). सुगंधामामींची दाढ काढली की अजून तशीच दुखती आहे? मामांना, म्हणजे तुमच्या वडिलांना, माझा नमस्कार सांगा, पण हे पत्र त्यांना वाचून दाखवू नका. मागलं वाचून दाखवलंत त्याचंच हे सगळं झालं. तिकडं पाऊस पडला असेल तर उलट टपाली कळवा. पडला नसेल तर कळवू नका, तसा पाऊस आमच्याकडंही आहे. हर्सूलच्या तळ्यात सध्या लोक क्रिकेट खेळतात. आंतरदेशीय पत्रात एवढं मावणार नाही, म्हणून हिशोबाच्या वहीची पानं फाडून पाकिटातून पाठवतो आहे.

तर कारण असं. काल दुपारी मी कारखान्यातून पहिली पाळी करून घरी आलो, तर जिन्याच्या कठड्याला चार मेंढ्या बांधलेल्या आणि पायऱ्यांवर आपल्या खोरवाडीचे तीन पाव्हणे बसलेले. रत्नमालानं त्यांना चहा दिला होता. मेंढ्यांना तिनं आमच्या वाट्याची पाण्याची एक घागर दिली होती. मी विचारलं, कसं काय येणं केलं? तर त्यातला थोरला म्हणाला, "मल्हारीबाबानं धाडलं. तुम्ही किल्ल्यावर घेऊन जाता म्हणलं." (म्हणजे हे मामांचंच काम.) दादा, गेल्या आठ दिवसांतली ही तिसरी खेप आहे. आमच्या घरमालकीण वच्छलाबाई पहिल्या खेपेला इतक्या संतापल्या होत्या की त्यांनी खोली खाली करा म्हणून सांगितलं. दुसऱ्या खेपेला नुसत्या बघत राहिल्या. काल मात्र मला बाजूला घेऊन हळूच विचारलं, "किल्ल्यावर म्हशीसाठी काही आहे का हो?" म्हणून म्हटलं, आता खुलासा केलाच पाहिजे. गावात सगळ्यांना बसवून हे पत्र मोठ्यानं वाचा. (मामांना सोडून.)

मुळात सुरुवात तुमच्यापासून झाली, हे मी नम्रपणे नोंदवून ठेवतो. दिवाळीनंतर मी तुम्हांला आंतरदेशीय पाठवलं होतं, त्यात शहराची माहिती द्यावी म्हणून लिहिलं होतं की, दौलताबादच्या किल्ल्यावर मेंढा आहे, तसा मेंढा अख्ख्या मुलखात नाही, बादशहाच्या वेळेपासून त्याचं नाव आहे, त्यानं तोंड उघडलं की कोसभर लोक हादरतात, आणि परदेशातून गोरे लोक त्याला बघायला येतात. आता ही तोफ आहे. तिला मागच्या बाजूनं मेंढ्याचं डोकं कोरलेलं आहे, शिंगं आहेत, म्हणून तिला मेंढा तोफ म्हणतात. आंतरदेशीय तीन बाजूंनी अलगद फोडायचं असतं, तुम्ही ते नेहमी भाकरीसारखं मोडता. त्यात "तोफ" हा शब्द फाटून गेला असणार. आणि उरलेलं तुम्ही मामांना वाचून दाखवलंत.

मामांची त्या वेळची स्थिती तुम्हांला मी काय सांगावी. दीडशे मेंढरांपैकी चाऱ्यापायी एकेक करून सगळी गेली, कळपातला मेंढा गेला, आणि मागं राहिली एकटी भुरी. आसपासच्या दहा गावांत कुणी मेंढा राखलेला नाही. भुरीला कोकरू झालं नाही तर मामांच्या बापाच्या बापापासून चालत आलेली मेंढरांची ओळ इथं संपते, हे गणित ते रात्रंदिवस मांडत बसले होते. अशा माणसाच्या कानावर तुम्ही बादशाही मेंढा घातलात.

माघ महिन्यात एका सकाळी मामा हर्सूलला दारात उभे. खांद्यावर घोंगडी, हातात काठी आणि काठीच्या मागं भुरी. मला म्हणाले, किल्ला बघायचाय. मला वाटलं, म्हातारा माणूस, लेकीला भेटायला आला आहे, त्या निमित्तानं शहर बघेल. भुरीला घरी ठेवा म्हटलं तर ऐकेनात. म्हटलं असेल जीव लागलेला. रत्नमालानंही इतक्या वर्षांत किल्ला पाहिला नव्हता, ती भाकरी बांधून तयार झाली. अशा रीतीनं आम्ही तिघं आणि भुरी सकाळी आठच्या सिटी बसला निघालो.

बसथांब्यापर्यंत चालत जायचं म्हणजे नव्या वसाहतींतून जायचं. तिथं माळावर चुन्याच्या पांढऱ्या रेघा ओढल्या होत्या. मामा थांबले. "इथं काय पेरलंय?" मी म्हटलं, प्लॉट. "पाण्यावाचून येतंय का ते?" मी म्हटलं, सध्या तेवढंच येतंय. त्यावर मामांनी वाकून मूठभर माती उचलली, हुंगली, आणि परत जागच्या जागी ठेवली. (प्लॉटवाल्याचा माणूस खुर्चीत बसून बघत होता. त्याला वाटलं गिऱ्हाईक आहे. तो आमच्या मागं थांब्यापर्यंत आला आणि मामांना कोपऱ्यावरचा प्लॉट दाखवायला लागला. मामांनी त्याला विचारलं, चारा किती निघंल? तो परत गेला.)

सिटी बसमध्ये मेंढी चढू देणार नाहीत हे मला माहीत होतं. मामांना पटेना. शेवटी त्यांनी भुरीला उचलून मांडीवर घेतलं आणि वरून घोंगडी पांघरली. खिडकीशी बसल्यावर नुसता एक लठ्ठ म्हातारा दिसत होता. शेजारी एक बाई होत्या, त्यांनी दया येऊन विचारलं, बाबांना बरं नाही का? रत्नमाला म्हणाली, पोट दुखतंय. तेवढ्यात घोंगडीनं शिंक दिली. मग खोकली. मग "बेंऽऽ" असं कळवळून ओरडली. बाई म्हणाल्या, अहो, यांना घाटी दवाखान्यात न्या, हे साधं दुखणं नाही. सगळी बस उठून मामांना वारा घालायला लागली. कुणी लिंबू दिलं, कुणी घोंगडी सैल करा म्हणालं, आणि एका भल्या माणसानं ती सैल केली. त्यानंतर आम्ही शहागंजच्या अलीकडं एक थांबा उतरलो.

शहागंजच्या भाजीबाजारात मी पुढं, मामा मध्ये आणि रत्नमाला मागं, असे चाललो होतो. भुरी कुणाच्याच बरोबर चालत नव्हती. गावाकडं तिनं चार महिने वाळका कडबा सोडून काही पाहिलं नव्हतं. इथं टोपल्यांमधून हिरवंगार रचून ठेवलेलं. माझं लक्ष घड्याळाच्या मनोऱ्याकडं होतं, तेवढ्यात मागून ओरडा झाला, "अरे ओ चचा! तुम्हारी बकरी मेरा पूरा पुदिना खा गई!" मामा गर्रकन वळले. त्यांचा चेहरा लाल झाला. म्हटलं आता हे माफी मागतील. तर म्हणाले, "बकरी कुणाला म्हणतो रं? मेंढी हाय ती! दक्खनी मेंढी!" भाजीवाला म्हणाला, चचा, पुदिन्याला काय फरक पडतो? मामा म्हणाले, पुदिन्याला नाय पडत, तिला पडतो. मग दोघांत बकरी आणि मेंढी यांच्या शेपटीवरून अर्धा तास वाद झाला. गर्दी जमली. शेवटी भाजीवाल्यानं हात जोडले, मेंढी आहे हे कबूल केलं, आणि तिला कोथिंबिरीच्या काड्या चारल्या. त्याचेही वाडवडील फुलंब्रीकडं मेंढरं राखत होते, असं निघालं. माणसं शहरात येऊन काय काय होतात बघा.

गुलमंडीतून पायी पायी मध्यवर्ती स्टँडवर पोचेपर्यंत दहा वाजले. खुलदाबादची लाल गाडी फलाटाला लागलेली होती. कंडक्टर दारात उभा. नाव कडूबा, हे मागाहून कळलं. त्यानं भुरीकडं पाहिलं, आमच्याकडं पाहिलं आणि विचारात पडला. कोंबडी असती तर टोपलीत, बोकड असता तर टपावर, पण म्हाताऱ्यानं छातीशी धरलेल्या मेंढीचं काय करायचं हे त्याला सुचेना. त्यानं विचारलं, "बाबा, हिला कुठं न्यायला लागले?" आणि मामांनी, दादा, भरल्या गाडीत, स्वच्छ आवाजात सांगितलं, "किल्ल्यावर. तिथल्या मेंढ्याला दाखवायची हाय."

गाडीतल्या सगळ्या माना आमच्याकडं वळल्या. कडूबा माझ्या कानाशी वाकला आणि म्हणाला, "पाव्हणे, तो मेंढा म्हणजे तोफ आहे. ठाऊक आहे ना?" मी म्हटलं, म्हणजे काय, मला ठाऊक नसेल होय. (माझ्या कपाळाला घाम आला होता तो गर्दीमुळं.) कडूबाचा चेहरा मोठा कठीण झाला होता, त्याला हसू दाबता येत नव्हतं. पण त्यानं मामांकडं पाहिलं. मामा त्याला सांगत होते की दीडशेतली ही एकच राहिली, हिच्या आजीनं वाघराशी झुंज घेतली होती, आणि बादशहाच्या जातीचं एक कोकरू मिळालं की दोन वर्षांत पुन्हा कळप उभा करतो. ऐकता ऐकता कडूबाचं हसू कुठं गेलं कळलं नाही. त्यानं खिडकीकडची जागा मोकळी करून दिली आणि म्हणाला, बसा बाबा, तिला वारा लागू द्या. मग ही बातमी कुजबुजत मागच्या बाकापर्यंत गेली. छावणी गेली, पडेगाव गेलं, मिटमिटा मागं पडला, पण चाळीस माणसांपैकी एकानंही मामांना खरं सांगितलं नाही. मीही सांगितलं नाही. मी तोंड उघडायचो आणि रत्नमाला मला चिमटा काढायची. किल्ल्याच्या थांब्यावर उतरताना एका म्हातारीनं भुरीच्या कपाळाला कुंकू लावलं आणि सगळ्या गाडीनं खिडकीतून हात हलवले. माझ्या स्वतःच्या लग्नाला एवढी माणसं नव्हती.

किल्ल्याच्या दारावर तात्यासाहेब नावाचे रखवालदार आहेत. खाकी कपडे, पांढऱ्या मिशा. जनावर आत न्यायला बंदी आहे, असं त्यांनी सांगितलं. मामांनी विचारलं, मग तुमचा मेंढा आत कसा? तात्यासाहेब म्हणाले, "तो पहिल्यापासून इथलाच आहे. सगळे त्याच्यासाठीच येतात." झालं. मामांनी माझ्याकडं विजयानं पाहिलं. त्यांनी तात्यासाहेबांना तंबाखू दिली, आपण जातवान मेंढक्या आहोत, जनावर घाण करणार नाही, असा शब्द दिला. तात्यासाहेबांना वाटलं, म्हातारा मेंढी सोडून राहू शकत नाही, दोरी धरून जाऊ द्यावं. बिचारे. त्यांच्यावर पुढं काय येणार होतं याची त्यांना कल्पना नव्हती.

त्यानंतर मामांनी किल्ला ज्या नजरेनं पाहिला, तसा तो आजवर कुणी पाहिला नसेल. पहिला दरवाजा लागला, त्याला हत्तीनं धडक देऊ नये म्हणून टोकदार खिळे मारलेले आहेत. मामांनी खिळ्याचं टोक अंगठ्यानं तपासलं आणि म्हणाले, "लांडग्यासाठी दिसतंय." पुढं दुसरी भिंत लागली. मग तिसरी. मग वर डोंगर तासून उभा केलेला सुळका आणि त्याखाली खंदक दिसला. प्रत्येक भिंतीला मामांचा विश्वास वाढत होता. "एवढा बंदोबस्त एका मेंढ्यापायी! मंग मेंढा कसा असंल, जावायबापू?" मी म्हणायचो, मामा, हा बंदोबस्त राजासाठी होता. ते म्हणायचे, राजा कवाच गेला, बंदोबस्त अजून हाय, म्हंजी कुणासाठी हाय? दादा, याला उत्तर असेल तर कळवा.

चिनी महालाच्या पुढं बुरुजावर पायऱ्या चढून जायचं असतं. मामांनी मध्येच थांबून भुरीच्या अंगावरचं कुसळ काढलं, स्वतःचा फेटा नीट केला आणि मग चढले. वर ती तोफ होती. लांबलचक, काळी, उन्हात तापलेली. मागच्या टोकाला मेंढ्याचं डोकं, वळलेली शिंगं. रत्नमालानं पदर तोंडाशी धरला. मामा तोफेला एक पूर्ण चक्कर मारून आले. शिंगं चाचपली. कपाळावर हात ठेवला. तोंडापुढं बसून दात बघायचा प्रयत्न केला. मग तिथंच सावलीला टेकले.

मी म्हटलं, मामा, चुकलं, त्याचं असं आहे की. त्यांनी हात वर करून मला गप्प केलं. म्हणाले, "जात लई चांगली हाय. शिंगं बघितली का? असं शिंग म्या एकदाच बघितलं होतं, जेजुरीच्या वाटंवर." मग थोड्या वेळानं म्हणाले, "पण एकटं ठिवलं त्याला. कळपाबिगर जनावर असंच व्हतं. लोखंड व्हतं." आणि दादा, तुम्हांला खोटं सांगत नाही, त्यांनी कमरेची पिशवी सोडली, भंडारा काढला आणि त्या लोखंडी कपाळावर मूठभर फासला. भुरीच्या कपाळावरही लावला. हात जोडून म्हणाले, "बाबा, तुझ्यानं व्हत नसंल तर नसू दे. पर एखादा दावून तर दे."

इथपर्यंत सगळं घरातल्या घरात होतं. पण आमच्या मागून एक सहकुटुंब जळगावकर चढून आले. त्यांनी पिवळं कपाळ पाहिलं, बसलेला म्हातारा पाहिला, आणि चपला काढल्या. बाईंनी नमस्कार करून मामांना विचारलं, बाबा, देव कोणता? मामा म्हणाले, मेंढा. त्यांनी मामांकडून चिमूटभर भंडारा मागून घेतला. त्यांच्या मागून आलेल्यांनी चपला बघून चपला काढल्या. अर्ध्या तासात बुरुजाच्या पायऱ्यांवर रांग लागली. कुणी मूल होण्यासाठी, कुणी नोकरीसाठी, एक गृहस्थ तर बोअरला पाणी लागावं म्हणून. दोन गोरे साहेब आले होते, तेही रांगेत उभे राहिले आणि कपाळाला पिवळं लावून घेऊन फार खूश झाले. तात्यासाहेब शिट्टी वाजवत वर धावत आले तेव्हा कुणीतरी त्यांनाच नारळ फोडायला दिला. ते ओरडत होते, "अहो ही तोफ आहे, तोफ!" आणि लोक म्हणत होते, जागृत आहे, जागृत आहे. या गडबडीत भुरी कुठं गेली, ते कुणालाच कळलं नाही.

मामांना कळल्यावर ते मट्‌कन खाली बसले. त्यांचा चेहरा मी परत बघू शकलो नाही. मी पायऱ्या उतरून धावत सुटलो. खंदकाच्या पुलापाशी कुणीतरी सांगितलं, काहीतरी लोकरीचं अंधारीकडं गेलं. अंधारी म्हणजे डोंगराच्या पोटातला भुयारी रस्ता, आत डोळ्यांत बोट घातलं तरी दिसत नाही, आणि वर वटवाघळं. शत्रू आत चुकावा, आपसांतच लढावा, म्हणून केलेली. मी शत्रू नव्हतो तरी चुकलो. पुढं कुठंतरी एका शाळेची सहल होती आणि मशालवाला गाइड गरजत होता, "इथं शत्रूच्या अंगावर काय येईल याचा नेम नसे!" नेमका त्याच वेळी माझ्या हाताला मऊ, गुबगुबीत लोकर लागली. मी झडप घालून तिला कवेत घेतली, छातीशी आवळली, आणि म्हटलं, "भुरे, ये गं माझी बाई, किती घाबरलीस!" मशाल वळली. मी शाळेच्या हेडमास्तरांना धरलं होतं. त्यांनी लोकरीचं जाड स्वेटर घातलं होतं आणि कानाला मफलर गुंडाळला होता. सगळ्या मुली किंचाळल्या, वटवाघळं उठली, मशाल विझली. पुढचं मला आठवत नाही. एवढंच आठवतं की हेडमास्तर अंधारात फार शांतपणे म्हणत होते, "सोडा मला. मी विवाहित आहे."

बाहेर आलो तेव्हा एक शेंगा विकणारी बाई म्हणाली, मेंढी होय? ती तर केव्हाच खाली हत्ती हौदाकडं गेली. हत्ती हौद म्हणजे मोठा दगडी तलाव, दरवाज्याजवळ. त्याच्या मागच्या झुडपांत, पहारा चुकवून, एका माणसानं पंधरा-वीस मेंढरं चरायला आणली होती. नाव पुंजाराम. मला बघून तो आधी पळाला, त्याला मी खात्याचा माणूस वाटलो. आणि त्या मेंढरांत, दादा, एक धिप्पाड, जिवंत, चार पायांचा मेंढा होता, आणि त्याच्याशेजारी भुरी अगदी संसाराला लागल्यासारखी उभी होती. पुंजाराम झुडपामागून म्हणाला, "आमच्याकडून जबरदस्ती नाही. तीच आली." मी म्हटलं, राहू दे बाबा, हरकत नाही.

वर जाऊन मी मामांना सगळं सांगितलं. मेंढा पाहिला, पुंजाराम पाहिला, काय काय घडलं तेही सभ्य शब्दांत सांगितलं. मामा उठले. डोळे पुसले. वळून तोफेला हात जोडले. मी म्हटलं, अहो मामा, तोफेचा काय संबंध? तो खालचा खरा मेंढा होता! मामा म्हणाले, "व्हय. पर भुरीला खाली जा म्हणून सांगितलं कुणी?"

यावर मी आजपर्यंत सहा वेळा वाद घातला आहे आणि सहाही वेळा हरलो आहे. परतीच्या गाडीला पुन्हा कडूबाच होता. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि खुलदाबादपासून कन्नडपर्यंत सगळ्या थांब्यांवर सांगितलं. तात्यासाहेब दोन दिवस तोफ घासत होते. आणि पुढचं तुमच्या डोळ्यांसमोर आहे. भुरी मागच्या आठवड्यात व्याली ती जुळ्यांना. दक्खनी मेंढीला जुळं म्हणजे किती दुर्मीळ, ते तुम्हीच मला शिकवलंत. त्यामुळं आता खोरवाडीत कुणाचाच मेंदू जागेवर राहिलेला नाही.

तेव्हा दादा, माझी हात जोडून विनंती आहे. लोकांना समजावा. मेंढा लोखंडाचा आहे. त्याच्याकडून काहीही होत नाही, झालेलं नाही, होणार नाही. ज्यांना गरज आहे त्यांनी पुंजारामचा पत्ता विचारावा, मौजे दौलताबाद, हौदामागं. माझ्या दारी मेंढ्या पाठवू नयेत. मोठ्यांना नमस्कार, लहानांना आशीर्वाद, भुरीच्या जुळ्यांना माझा हात फिरवावा.

आपला आज्ञाधारक,
रामेश्वर

ता. क. – पुंजाराम हौदामागून मेंढरं हलवून कुठंतरी गेला आहे, तेव्हा पत्ता सांगू नका.

ता. क. दुसरा (हा रत्नमालाच्या हातचा) – दादा, यांनी पाकीट चिकटवायला दिलं तेव्हा मी वाचलं. वरचं बाकी सगळं खरं आहे. पण ते आंतरदेशीय माझ्यासमोर लिहिलं होतं, त्यात तोफ हा शब्द नव्हताच, तू उगाच मनाला लावून घेऊ नको. शहरात बारा वर्षं राहून हे कधी किल्ल्यावर गेले नव्हते. कारखान्यात चहाच्या टपरीवर ऐकलं तसं लिहिलं. त्या दिवशी सकाळी बाजारातून हिरव्या घासाची पेंढी आणून, भुरीला काडीही न देता, पिशवीत कुणासाठी घातली होती, ते विचार यांना.

ता. क. तिसरा – दादा, वरचा मजकूर खोडायचा तर कागद फाटेल, म्हणून राहू दिला. आता खरं काम लिहितो, ते तेवढं गावात वाचू नका. रत्नमालाला पाचवा महिना लागला आहे. आमच्या लग्नाला अकरा वर्षं झाली, हे तुम्ही जाणताच. डॉक्टरीण बाईंनी तपासलं, सगळं व्यवस्थित आहे म्हणाल्या. मी तर तिथं दवाखान्यातच रडलो, नर्सनं मला बाकावर बसवून पाणी दिलं. सुगंधामामींना दाढेसकट ताबडतोब पाठवा, आम्हां दोघांना यातलं काही कळत नाही. आता अडचण अशी की, मी बुरुजावरून भुरीमागं धावलो तेव्हा रत्नमाला रांगेत उभी राहून भंडारा लावून घेऊन आली होती. हे तिनं मला परवा सांगितलं, आणि त्याच्या आधी वच्छलाबाईंना, कडूबाला आणि मामांना सांगितलं. मामांनी मला पोस्टकार्ड पाठवलं आहे. त्यावर एवढंच आहे : "मेंढ्याची कृपा." कारखान्यातले लोक माझं अभिनंदन करत नाहीत, दौलताबादची गाडी किती वाजता असते ते विचारतात. दादा, मी अकरा वर्षांचा नवरा आहे, रोज संध्याकाळी घरी असतो. या कामात माझाही थोडाफार हात होता, एवढं तुम्ही चावडीवर चारचौघांत माझ्या बाजूनं बोलावं.